गेन वाढवण्याआधी

भाचीबाई, तुझा मेटल डिटेक्टर चार बोटांवरचं नाणं ओळखतो आणि वीतभर लांब नेलं की गप्प बसतो, असं तुझी आई सांगत होती. म्हणजे तू आता गेनचा प्रीसेट पिळत बसली असशील. तिथून हात काढ. यंत्राला मुळात कमी ऐकू येतंय, की गोंगाटात ऐकू येत नाहीये, हे ठरल्याशिवाय गेनला शिवायचं नाही. गोंगाट असला तर गेनने गोंगाटच वाढतो.

हे ठरवायचं कसं? अडॅप्टर काढ आणि बॅटरी लाव. स्वस्तातला स्विचिंग अडॅप्टर स्वतःच किरकिरत असतो. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर बंद कर. कॉइल लाकडी स्टुलावर ठेव आणि स्टूल अंगणात ने. गच्चीवर जाऊन उपयोग नाही, स्लॅबमध्ये सळया असतात. बाहेर आल्यावर यंत्र शांत झालं आणि नाणं लांबून दिसायला लागलं, तर तुझ्या सर्किटमध्ये फारसं काही बिघडलेलं नाही. काहीच फरक पडला नाही तरच डागणी तापव. नाणंही प्रत्येक वेळी तेच घ्यायचं, दहा रुपयांचं दुरंगी. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी लोहचुंबकाला चिकटतात, त्यांच्यावरून पितळेचा किंवा सोन्याचा अंदाज बांधू नये.

लोखंडी खाटेवर ठेवून तर मुळीच तपासू नकोस. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती अंगात कुठे अडकली ते शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः यंत्र घेऊन गेले. पहिल्या खेपेला कंडेन्सरची जोडणी चुकलेली निघाली, दुसऱ्या खेपेला गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला. त्यात डॉक्टरांनी शोधायला दिली उजवी बाजू, आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. यंत्राची कल्पना मात्र पक्की होती. जोडणी, आजूबाजूचं लोखंड आणि चुकीची जागा ही तीन कारणं आजही तशीच्या तशी भेटतात.

आता सर्किट. तुझं यंत्र पल्स इंडक्शनचं आहे. कॉइलमध्ये करंट सोडायचा, तो झटक्यात तोडायचा आणि लगेच कान लावायचा. करंट तुटला की समोरच्या धातूत भोवरी प्रवाह उठतात आणि ते मावळताना कॉइलमध्ये अगदी बारीक व्होल्टेज उमटतं. जाड तांब्यातले प्रवाह बराच वेळ टिकतात. पातळ पत्र्यातले, नाजूक अंगठीतले काही मायक्रोसेकंदांत विरून जातात. म्हणून करंट तोडल्यावर तुझं यंत्र जितका वेळ स्वतःच्याच धक्क्यात बसून राहील, तितकं ते बहिरं.

पहिली नजर टाक कॉइलच्या दोन टोकांवर. रिलेला लावतात तसा डायोड तिथे लावलायस का? हाताला सवय असते, १एन४००७ दिसला की आडवा टाकायचा. रिलेला ते बरोबर आहे, इथे घात. डायोड असला की करंट कॉइलमध्येच फिरत राहतो आणि रेंगाळत मरतो. काढून टाक.

मग मॉस्फेटचा नंबर वाच. आयआरएफ७४० असेल तर ठीक, तो ४०० व्होल्ट सोसतो. दुकानात तो मिळाला नाही म्हणून आयआरएफझेड४४एन आणला असशील तर तो ५५ व्होल्टलाच उलटा धक्का दाबून धरतो. हिशेब कर. ३०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये २ अँपिअर असतील, तर ४०० व्होल्टला करंट साधारण दीड मायक्रोसेकंदात संपतो. ५५ व्होल्टला दहाच्या वर जातात. तेवढ्यात अंगठी बोलून गप्पही झालेली असते.

कॉइलची झणझण आवरायला लावलेला डॅम्पिंगचा रेझिस्टर हा सगळ्यात मोठा चोर. किंमत जास्त झाली तर कॉइल झणझणत राहते, कमी झाली तर धक्का आळसावून उतरतो. ज्या लेखावरून यंत्र बनवलंस त्यातल्या सर्किटमधली किंमत आंधळेपणाने लावू नये, कारण त्यांची कॉइल वेगळी आणि तुझी वेगळी. दोन किलोओहमचा साधा कार्बनचा पॉट लाव, तारेचा नको. तारेचा पॉट किंवा वायरवाउंड रेझिस्टर म्हणजे आणखी एक छोटी कॉइलच. ऑसिलोस्कोप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये तासभर माग. झणझण नुकतीच थांबते तिथे पॉट सोडायचा, मोजायचा आणि त्या किंमतीचा फिल्म रेझिस्टर कायमचा डागायचा. मग नमुना घेण्याची वेळ, म्हणजे करंट तोडल्यावर कान लावायचा तो क्षण, हळूहळू अलीकडे आण. ३० मायक्रोसेकंदांवर असशील तर १५ वर ये. प्रीअँप्लिफायरला धक्क्यातून सावरायला वेळ मिळत नसेल तर तो तिथेच सांगेल. त्यात एनई५५३४ च्या जागी ७४१ बसवून काम भागत नाही. एकाचा वेग मायक्रोसेकंदाला १३ व्होल्ट, दुसऱ्याचा जेमतेम अर्धा व्होल्ट.

कॉइल बारीक डोळ्यांनी बघ. २० सेंटिमीटर व्यासावर २५ फेरे म्हणजे सुमारे ३०० मायक्रोहेन्री, हे चांगलं माप आहे. फेरे सैल असतील तर हललं की आवाज बदलतो, वार्निश किंवा दोरा लावून घट्ट कर. केबल लांब ठेवली की कपॅसिटन्स वाढतो, म्हणून मीटरभरच ठेव. रिंग मोठी केली की मोठ्या वस्तू खोलवर लागतात, पण बारीक नाणी निसटतात. हे दोन्ही एका कॉइलमध्ये मागू नये.

आणि खोलीची हाव आवर. कॉइलच्या मापापेक्षा वस्तू बरीच दूर गेली की संकेत अंतराच्या सहाव्या घातात घटतो. दुप्पट खोल जायचं तर चौसष्टपट संकेत हवा. करंट दुप्पट केलास तर खोली जेमतेम बारा टक्क्यांनी वाढते, आणि मॉस्फेट तापतो तो वेगळाच. लोक बॅटऱ्या वाढवत सुटतात, मला ते कधीच पटलं नाही.

अंगणात जमलं आणि शेतात फसलं तर मात्र यंत्राला दोष देऊ नकोस. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट असतं, कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर. ही जमीन स्वतःच संकेत देते. कॉइल जमिनीला न टेकवता दोन-तीन बोटं वर, एकाच उंचीवर फिरव. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत मिठामुळे नमुन्याची वेळ थोडी मागे न्यावी लागते, तेवढी ने.

गडांवर नेणार असशील तर आत्ताच सांगतो, नको. संरक्षित जागी खोदता येत नाही, आणि १८७८ च्या कायद्याने जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर तो कलेक्टरला कळवावा लागतो. शेजारच्या काकूंचं हरवलेलं कानातलं शोधून दे, चहा मिळेल.

रविवारी येशील तेव्हा यंत्राची पेटी घरी ठेव. कॉइल, केबल आणि मॉस्फेट तेवढे आण. आणि डॅम्पिंगचा रेझिस्टर बदलण्याआधीची जुनी किंमत लिहून आण.