मुलाचे दुखणे हे पातक नव्हे

घरातील लहान मुलास कर्करोग झाल्याचे कानी पडताच आईबापांच्या मनात जो पहिला प्रश्न उठतो, तो बहुधा औषधाचा नसतो. ‘आमच्या हातून असे कोणते पाप घडले?’ हाच तो प्रश्न होय. आप्तेष्टही कधी भोळेपणाने, कधी अविचाराने, पूर्वजन्मीच्या भोगांचा किंवा चुकलेल्या कुळाचाराचा उल्लेख करून जखमेवर मीठ चोळतात. या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आम्हां इंदूरकरांस अहल्याबाईंचे चरित्र परके नाही. १७५४ साली पती खंडेराव आणि १७६६ साली सासरे मल्हारराव गेले. पुत्र मालेराव गादीवर आले. पण त्यांस बुद्धिभ्रंश होऊन १७६७ साली त्यांचाही अंत झाला. मालेरावांनी संशयावरून एका निरपराध कशिदेकाऱ्यास मारले व त्याचा आत्मा त्यांस झपाटून राहिला, अशी लोकांची समजूत होती. ही हकीकत सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिली आहे. आई रात्रंदिवस उशाशी बसून अश्रू ढाळी आणि त्या आत्म्यास देऊळ बांधून देण्याचे, त्याच्या कुटुंबास जहागीर देण्याचे कबूल करी. त्या विकारावर तेव्हा इलाज नव्हता; म्हणून मातेचे मन अशा वाटेने गेले, यात नवल नाही. आज मात्र दुसरी वाट उपलब्ध आहे.

मुलांच्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग अधिक आढळतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत रोगाचे निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिक दोष सुमारे दहांतील एकाच्याच ठायी दिसतो. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. १९४८ साली बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने रक्ताचा कर्करोग काही काळ हटतो, असे दाखविले. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार कमी आहे. उशिरा झालेले निदान व अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची मोठी कारणे होत. म्हणजे दोष शोधण्यात दवडलेला काळ मुलासच महाग पडतो.

कर्माचा सिद्धांत आपल्या आचरणास वळण लावण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या आजारी मुलाचा न्याय करण्यासाठी नव्हे.

नवस अवश्य बोलावा, पण उपचाराच्या ऐवजी नव्हे. आईने कडक उपास धरून स्वतःस दुर्बल करू नये; रक्ताच्या कर्करोगाचे उपचार कित्येकदा दोन-तीन वर्षे चालतात. उपचारकाळात मुलाची प्रतिकारशक्ती खालावते. ताप आल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तीर्थ-प्रसादही डॉक्टरांस विचारूनच द्यावा. मुलाला त्याच्या वयास समजेल असे खरे सांगावे. ‘तुझी काही चूक नाही’ हे तर आवर्जून सांगावे. घरातील दुसऱ्या भावंडाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये.

इंदुरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी अनेक कुटुंबे मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. ते १९४१ साली सुरू झाले. परगावी राहण्याची पंचाईत मोठी. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांस आसरा देते, आणि २००६ साली स्थापन झालेली सेंट ज्यूड ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांची विनामूल्य सोय करते.

अहल्याबाईंनी पुढे तीर्थोतीर्थी धर्मशाळा आणि घाट बांधिले. आपली शक्ती तेवढी नाही. पण मुंबईस गेलेल्या कुटुंबाच्या मागे राहिलेल्या मुलास दोन वेळचे जेवण घालणे, प्रवासखर्चास हातभार लावणे, रक्तदान करणे आपल्या आवाक्यातले आहे. भेटीस जाताना सर्दी-पडसे असल्यास उंबऱ्याबाहेरूनच परतावे, आणि आत गेल्यास ‘कशाने झाले?’ असे न विचारता ‘आम्ही काय करू?’ असे विचारावे.