सही करण्याआधी

अगं, शेतकरी उत्पादक कंपनीवर संचालक म्हणून तुझं नाव गेलं, हे ऐकून मला फार आनंद झाला. आपल्या धामणगाव बढ्यात बाईचं नाव कंपनीच्या कागदावर येणं ही लहान गोष्ट नाही. पण दीर म्हणाले म्हणे, ‘वहिनी, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो.’ प्रेमानंच म्हणाले असतील. तरी जरा थांब.

आता तुझ्या नावाने संचालक क्रमांक निघेल, डिजिटल सहीचं टोकन येईल. ते टोकन आणि त्याचा पासवर्ड कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नकोस, मग तो घरचा असो की हिशेब लिहिणारा. कंपनीने सलग 3 वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरलं नाही, तर संचालक 5 वर्षांसाठी अपात्र ठरतात. त्यात तूही आलीस. माल चांगला, सभासद चांगले, आणि कागद न भरल्यामुळे कंपनीचं नावच नोंदणीतून कटलं, असंही होतं. म्हणून प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न हाच विचार: विवरण भरलं का, पावती दाखवा.

तुला वाटेल, बाईला नुसतं सहीपुरतं बसवणं हे आपल्याच गावाकडचं. नाही गं. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना एक तरी महिला संचालक सक्तीची केली, तेव्हा कितीतरी उद्योग-घराण्यांनी मुदत संपता संपता बायकोला नाहीतर मुलीला खुर्चीवर बसवलं. शेवटी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला नियम कडक करावा लागला. 1 एप्रिल 2019 पासून पहिल्या 500 आणि 2020 पासून पहिल्या 1000 कंपन्यांत निदान एक महिला स्वतंत्र संचालक हवी, मालकाच्या नात्यातली चालायची नाही. आपल्यासारख्या उत्पादक कंपनीला ही सक्ती नाही, पण दुखणं तेच आहे.

बाई संचालक झाली की नफा वाढतो, असं कुणी छातीठोक सांगितलं तर लगेच मान डोलवू नकोस. नॉर्वेने 2003 मध्ये मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर 40 टक्के बायका हव्यात असा कायदा केला. त्यानंतरच्या अभ्यासांतही नफ्याबद्दल एकमत झालेलं नाही. मला पटतं ते कारण वेगळं आहे. धंदा टिकतो तो कामाची खरी माहिती निर्णयापर्यंत पोचली तर. आणि आपल्याकडे कपाशीची माहिती कुणाजवळ आहे? वेचणाऱ्या बायांजवळ. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देतं, त्यावर कापत जातं आणि 12 च्या वर माल घेतच नाही. भल्या पहाटे दवात वेचलेला कापूस किती ओला असतो, किलोवर मजुरी असली की ऊन चढायची वाट कुणी का पाहत नाही, किडकी कवडी आणि सुक्या पाल्याचा पातेरा चांगल्या कापसात कसा मिसळतो, हे वावरात वाकलेल्या बाईला पाठ आहे. ओला माल आला म्हणून संचालक मंडळ चिडतं, आणि वेचणीचा दर मात्र त्या बायांना न विचारता ठरवतं. हा विषय तूच काढ. दवाच्या वेळी वेचू नये म्हणून दर थोडा वाढवायचा की कवडी वेगळी वेचण्याचे वेगळे पैसे द्यायचे, याचा हिशेब मांड. कंपनीचं भलं यातच आहे.

तुला हिशेब कितपत जमेल, अशी शंका घेतील. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचंही तसंच झालं. बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बँक उभारणाऱ्या चेतना सिन्हा आणि त्या बायका खचल्या नाहीत, अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि ‘आम्ही व्याज तोंडी काढतो’ हेही सांगितलं. 1997 मध्ये बँक उभी राहिली. तू तर दहावी झालेली आहेस.

एकटी मात्र राहू नकोस. एकटी बाई काही बोलली की ‘वहिनींचं मत’ म्हणून बाजूला ठेवतात; तिघी असल्या की ते मंडळाचं मत होतं. मंडळात 5 ते 15 संचालक असू शकतात, म्हणजे जागा आहे. अडतं ते सातबाऱ्यावर. भागधारक करून घेताना सातबारा मागतात, आणि राबणाऱ्या बाईचं नाव त्यावर नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने जमिनीवर बायकोचं नाव लावण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली ती यासाठीच. नवरा तयार असेल तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावून घेता येतं, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. दोघी-तिघींच्या घरी तूच जाऊन बोल. नवऱ्यांशीही बोल, मोकळेपणाने. त्या भागधारक झाल्या की उत्पादक कंपनीत कितीही शेअर असोत, मत एकच, हा नियम त्यांच्या कामी येईल.

आणि बैठकीची सूचना 7 दिवस आधी लेखी मिळायला हवी, ती माग. रात्री नवाला कुणाच्या तरी दुकानाच्या ओट्यावर बैठक भरत असेल, तर वेळ बदलायला लाव. भाकरी-कोरड्यास, लेकरं सोडून बाया त्या वेळी यायच्या नाहीत.