माझा पाटील आणि निळूभाऊंचा

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यावर मी ३१ हंगाम काढले. लागलो तेव्हा उसाच्या स्लिपा लिहिणारा स्लिप बॉय होतो, सुटलो तो गट ऑफिसातून. त्याच काळात गावच्या जत्रेतल्या वगात १७ वर्षं पाटील केला. नोकरी पोटासाठी, पाटील हौसेसाठी, आणि दोन्हीकडे कामी आलं ते निळू फुल्यांना बघणं. भेट कधी झाली नाही. सगळी शिकवणी तंबूतल्या पडद्यावरची. डोक्यात राहिलं ते नंबर टाकून लिहितो. हाताला स्लिपांची सवय आहे.

१. पाटलानं ओरडायचं नसतं.

पहिल्या वर्षी मी चाबूक आपटत, डोळे गरगरा फिरवत स्टेजवर आलो. घसा बसेपर्यंत ओरडलो आणि लोक पोट धरून हसले. खाली उतरल्यावर शेजारची म्हातारी म्हणाली, "आरं, पाटील कशाला वरडंल? त्याचं ऐकाया मानसं दारात उभी असत्यात की."

त्यानंतर निमगाव केतकीकडच्या एका तंबूत 'सामना' पाहिला. मला वाटतं तो मी चौथ्यांदा बघत होतो, पण नीट पाहिला त्या दिवशी. दौंडला दवाखाना चालवणाऱ्या जब्बार पटेलांचा हा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. बर्लिनकरांना त्यातलं किती कळलं असेल कोण जाणे! आमच्या पट्ट्यात तो कळायला सबटायटल लागत नव्हती. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे करत इंदापूरला जा, दुतर्फा ऊसच.

त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळूभाऊ. समोर श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. हिंदुराव त्याला धमकावत नाही, घरी नेतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर मारुती कांबळेचं नाव काढत राहतो आणि हिंदुरावाचा आवाज वर जायच्या ऐवजी खाली खाली येतो. तो खरखरीत आवाज ऐकायला अख्खा तंबू पुढं वाकला होता. मी पडदा सोडून ती वाकलेली माणसं बघत बसलो.

२. बघायचं ते खालून.

सिनेमाआधी निळूभाऊ पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला द्यायचे असं सांगतात. माळ्याकडं साहेबाचं लक्ष नसतं. माळ्याचं मात्र साहेबाच्या चालण्याबोलण्याकडं, बुटांकडं सगळीकडं असतं. आमच्या स्लिप बॉयचंही तसंच.

माझ्या वडिलांचा दीड एकर आडसाली ऊस होता. अठरा महिने उलटून गेले, तुरा आला, कांडी आतून पोकळ पडायला लागली, तरी तोड मिळेना. पोरगा कारखान्यात, तरी ही गत. (पोरगा स्लिप बॉय. त्याला विचारतंय कोण?) शेवटी वडील स्वतः एका वजनदार माणसाच्या घरी गेले, मी मागं. नाव लिहीत नाही, त्यानं आता फरकही पडत नाही. त्यानं वडिलांना खुर्ची दिली. "या अण्णा," म्हणाला. माझ्या बहिणीच्या लग्नाचं विचारलं, सोयरे कुठले, नवरामुलगा काय करतो. चहा मागवला. वडिलांनी उसाचं काढलं तसा मान हलवत राहिला, अगदी मनापासून. मग दारातून कुणी तरी आत आलं आणि तो त्याच्याकडं वळला. 'नाही' म्हणाला नाही. 'हो' तर नाहीच. वडिलांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि आम्ही उठलो.

ऊस एप्रिलात तुटला. वजन काट्यावर मीच पाहिलं आणि घरी सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या वगात माझा पाटील पहिल्यांदा खुर्चीवर बसून बोलला. चाबूक घरी ठेवला होता.

३. उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नयेत.

अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा म्हणून निळूभाऊ पडद्यावर आले तेव्हा साल १९६८, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. तोवर सेवा दलाचं कलापथक आणि 'कथा अकलेच्या कांद्याची'सारखी लोकनाट्यं. मुलानं एकदा जुना अमेरिकन सिनेमा दाखवला, १९४१ चा 'माल्टीज फाल्कन'. त्यातला जाडजूड, गोड गोड बोलणारा लबाड म्हणजे सिडनी ग्रीनस्ट्रीट. जन्म नाटकात गेला आणि पहिला सिनेमा ६१ व्या वर्षी. म्हटलं, हा तर आपल्याकडं सहज चेअरमन झाला असता.

४. बायकांच्या बाजूनं आलेली शिवी ही पावती समजावी.

तंबूत मध्ये कनात असायची, अलीकडं गडी, पलीकडं बायाबापड्या. निळूभाऊ दिसले की पलीकडून मुडदा, मेला, तळपट सुरू. एरवी नवऱ्यासमोर तोंड न उघडणाऱ्या बायका! रीळ बदलताना अंधार व्हायचा तेव्हाही ते थांबायचं नाही. खरा माणूस समाजवादी विचारांचा, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर गावोगाव झोळी घेऊन फिरलेला, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मला पावती मिळायला नऊ वर्षं लागली. जत्रेनंतर गिरणीत माझा दळणाचा डबा एका बाईनं पायानं मागं सरकवला.

५. नक्कल सोपी असते.

आमच्याकडं गॅदरिंगला हटकून एक जण डोळे तिरके करून, घसा खरवडून ते वाड्यावर बोलावणारं वाक्य म्हणतो. टाळ्याही मिळतात. पण 'सिंहासन'मधला निळूभाऊंचा दिगू टिपणीस कुणी करत नाही. मंत्र्यांच्या दारोदार फिरणारा, सगळं दिसतं तरी काही न करता येणारा वार्ताहर, शेवटी वेडा होतो. चेहरा तोच, आवाज तोच, आणि दरारा कुठंच नाही. मी एकदा तसलं काम करून पाहिलं. प्रेक्षक तासभर पाटलाची वाट बघत बसले.

६. ज्याच्यावरून पाटील उचलला त्याला नव्हे, ज्याच्यासमोर तो बसला होता त्याला विचारावं.

वडील माझं काम बघायला येत नसत. २००९ च्या जुलैत निळूभाऊ गेले, आणि पुढच्या जत्रेला काय मनात आलं कोण जाणे, म्हातारा घोंगडी घेऊन पहिल्या रांगेत. मी जीव तोडून काम केलं. खुर्ची, "या अण्णा", लग्नाची चौकशी, मान हलवणं, सगळं जिथल्या तिथं. घरी जाताना बराच वेळ ते काही बोलले नाहीत. कालव्याच्या पुलावर थांबून म्हणाले, "त्यानं च्या दिला हुता. तू न्हाई दिलास."

पुढच्या वर्षीपासून कपबशी घेतली.