माळवदाला हात लावण्याआधी

जुन्या घराची दुरुस्ती काढली की गुत्तेदार आधी फरशीचं माप घेतो, मग पीओपीचं, मग रंगाचं. छपरावर तो चढतो ते पाण्याची टाकी कुठं बसवायची हे बघायला. राजूरच्या आमच्या घराची निम्मी दुखणी याच क्रमातून आलेली होती. निवृत्तीनंतर गावाकडच्या घरात राहायला जायचं म्हणणारी बरीच मंडळी आता भेटतात. त्यांना माझं सांगणं एवढंच असतं, की खुशाल जा, पण पहिला पावसाळा घर नुसतं बघा. काम काढाल तेव्हा वरून खाली या. रंग सगळ्यात शेवटी.

राजूर म्हणजे गणपतीचं राजूर. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटर. यजमान निवृत्त झाले, छत्रपती संभाजीनगरचा सिडकोतला फ्लॅट मुलाकडं दिला आणि आम्ही सासऱ्यांच्या घरी आलो. घर गावठाणातलं, दगडमातीच्या दोन-सव्वादोन फुटी भिंतींचं. पुढं ओसरी, मागं पाच खणांचं माजघर, वर माळवद, म्हणजे तुळयांवर तोललेलं मातीचं सपाट छप्पर. बरीच वर्षं कुलूप होतं. त्याआधी तिथं नात्यातलंच एक कुटुंब राहायचं आणि त्यांनी घर ‘पक्कं’ करून ठेवलं होतं. आतून सिमेंटचा गिलावा, खाली चकचकीत फरशी, खांबांना चॉकलेटी ऑइल पेंट. बघणारा म्हणे, तुम्हाला काय करायचं राहिलंय?

त्यांनी ते भीतीपोटी केलं होतं, हेही सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची गावं दगडमातीच्या ढिगाखाली गेली, हजारो माणसं झोपेतच दगावली. राजूर तिथून लांब, पण माळवद तेच आणि भिंतीही त्याच घडणीच्या. त्यानंतर मराठवाड्यात जुन्या घराकडं बघण्याची नजरच बदलली. ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला, ज्याला नाही जमलं त्यानं सिमेंट थापून मनाचं समाधान केलं.

किल्लारीनं शिकवलेलं मात्र वेगळंच होतं. आपली जाड भिंत आतून एकसंध नसते. बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरं, मधे गोटे आणि माती. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारे लांब दगड अधूनमधून बसवलेले नसतील, तर हादऱ्यात दोन्ही तोंडं सुटतात. वरून सिमेंट लावल्यानं ती बांधली जात नाहीत. दुसरं दुखणं माळवदाच्या वजनाचं. दरवर्षी मिरगाच्या आधी गळती बुजवायला वर नवी माती टाकायची, ही रीत. जुनी कुणी काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन होतं. पाच इंची स्लॅब तेवढ्याच खोलीवर तीन टनांच्या आसपास भरतो. तरी स्लॅब मातीच्या भिंतीवर टेकवू नये. टाकायचाच तर त्याला स्वतःचे कॉलम द्यावेत आणि पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं बांधकाम वर्षातून दोनदा हलतं. जालना सळयांचं गाव, सळई दारात येऊन पडते, त्यामुळं ‘पाडा आन् स्लॅब टाका’ हा सल्ला आमच्याकडं चहाबरोबर फुकट मिळतो.

आमच्या गुत्तेदाराला माळवदावर हजार लिटरची टाकी बसवायची होती. हजार लिटर म्हणजे पाण्याचंच एक टन. जागा ठरली, विटाही वर गेल्या. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे गवंडी सहज डोकावले. त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्टुलावर चढले आणि मधली तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला तो टोचला. लाकूड सागवानी, वरून ऑइल पेंटनं तुकतुकीत. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला, काळपट भुसा. “काकू, तुळई मधून कधीच सडत नस्ती,” ते म्हणाले, “भितीत सडती. तिथं कुनी बघत नाही.”

हे प्रत्येकानं आपल्या घरात करून बघावं. तुळईच्या मधल्या भागावर हातोडीची मूठ आपटली की खणखणीत आवाज येतो. भिंतीजवळ तोच बद्द आला तर टोक गेलं समजा. माळवदाच्या कडेला पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरतं आणि तुळईचं टोक वर्षानुवर्षं भिजत राहतं. वरून पीओपी ठोकलं असेल तर हे कळणारच नाही. म्हणून जुन्या माळवदाखाली पीओपी नको, हे माझं ठाम मत. तुळयांवरची, मातीखालची लाकडी किलचण दिसत राहिली पाहिजे. ती वाकली, काळी पडली, तिच्यातून माती गळायला लागली, तर घर आपल्याशी बोलतंय.

तुळई बदलायची गरज पडली नाही. भिंतीला लागून, सडलेल्या टोकाच्या अलीकडं नवा खांब उभा केला, दगडी तळखड्यावर. त्याआधी खाली टेकू देऊन ठेवले होते. टेकू दिल्याशिवाय माळवदावर माणूस चढवू नका, खोरं तर अजिबात लावू देऊ नका. मग वरची माती उतरवली, आणि तीही एका बाजूनं नाही. एकीकडची सगळी काढली की दुसरीकडचं वजन छप्पर तिरकं करतं. सगळ्या खणांतून थोडी-थोडी, थर कमी करत आणली. जेमतेम सहा-सात इंच ठेवली. निघालेल्या मातीचा ढीग बघून गल्लीतली पोरं खेळायला आली, इतका तो मोठा होता. नवी माती लागली तिथं चोपण पांढरीच वापरली. ती पावसात चिकट होऊन पाणी अडवते. शेतातली काळी माती माळवदावर कधी टाकू नये, उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात.

वरून आम्ही पत्र्याचं छत केलं, माळवदापासून दीड-दोन हात उंच, चारी बाजूंनी हवा खेळती. माळवद कोरडं राहतं आणि खाली चैत्रातही गारवा असतो. दर मिरगाला माती टाकायची कटकट संपली. फक्त अँगलचे पाय नुसते मातीत रोवून भागत नाही. आमच्याकडं मे महिन्यातल्या वावटळी पत्रे चार घरं पलीकडं नेऊन टाकतात. टाकी गेली अंगणात, लोखंडी स्टँडवर, त्याला वेगळा पाया.

खांबांची गोष्ट निराळी. जुन्या घरात लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, तो उगाच नाही. जमिनीतली ओल दगडाशी थांबते. आमच्याकडं फरशी बसवताना जमीन उचलली होती आणि तळखडे सिमेंटखाली गाडले गेले होते. खांबाचं बूड थेट ओल्या सिमेंटमधे, आणि वाळवीला घरात शिरायला राजरस्ता. खांबांभोवतीची फरशी फोडून तळखडे मोकळे केले तेव्हा दोन खांबांची बुडं हातानं चुरत होती. ती कापून खाली दगड उंच करावा लागला. जमीन नवी करणार असाल तर ही एक गोष्ट गवंड्याला रोज सांगत राहा, की तळखडा वर दिसला पाहिजे. आणि सोफा बसत नाही म्हणून मधला खांब काढायचं कुणी सुचवलं, तर चहा पाजून त्याला वाटे लावा.

फरशीचं दुसरं पाप म्हणजे ओल. शेणाच्या जमिनीतून जी वाफ निघून जायची ती चकचकीत फरशीनं कोंडली आणि भिंतीत चढली. वर सिमेंटचा गिलावा, म्हणजे तिथूनही वाट बंद. आम्ही आलो त्याच पावसाळ्यात गिलाव्याला कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगे आले आणि ओसरीतला एक पोपडा पाटाएवढा सुटून पडला. मागची माती बोटानं खरवडता येत होती. मातीच्या भिंतीला श्वास घेणारंच काहीतरी लावायला हवं. पांढरी माती, गव्हाचं भूस आणि शेण कालवून आठ-दहा दिवस कुजवलेला गिलावा, वरून चुना. कळीचा चुना भिजवताना उकळतो, अंगावर उडतो. डोळे सांभाळा, नातवंडं लांब ठेवा. खाली आम्ही शहाबादी घातली, सांधे चुन्याचे. जुना सिमेंट गिलावा एकदम सगळा काढू नये. जिथं बद्द वाजतो तिथला आधी, आणि काढल्यावर भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यावी. पाहुणे नाकं मुरडतात. मुरडू द्यावीत.

विजेला मात्र पावसाळ्याची वाट बघायची नाही. राहायला जायच्या आधी वायरिंग बदला. जुन्या लाकडी पट्टीतली, कापडी आवरणाची वायर अजून कित्येक घरांत आहे आणि मातीची भिंत ओली झाली की तिला हात लावायची सोय राहत नाही. अर्थिंग नवं करा, तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. मातीच्या भिंतीत ग्राइंडरनं चरे पाडू देऊ नका, वायर वरून पट्टीतून न्या. दिसायला साधं दिसतं, पण भिंत शाबूत राहते.

ओसरीच्या एका कोपऱ्यात पाय आपटला की जमीन पोकळ वाजायची. खाली धान्याचं जुनं पेव निघालं. आमच्या मजुरांतला एक पोरगा उत्साहानं लगेच उतरायला निघाला होता, यजमानांनी दंडाला धरून मागं ओढला. बंद पेवात प्राणवायू नसतो. आत उतरलेला माणूस शुद्ध हरपतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगलीकडची माणसं हे पुरतं जाणून असतात, आपल्याकडं पेवं बंद पडली तशी ही जाणही गेली. तोंड उघडून बरेच दिवस ठेवलं, माणूस उतरवलाच नाही, वरूनच मुरूम ढकलून ठोकून भरलं. भिंतीतलं धान्याचं बळद मात्र ठेवलंय. त्यात आता माझी पुस्तकं आहेत.

सजावटीचं बोलायचं तर खांबांवरचा आणि दारांवरचा ऑइल पेंट काढण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता. घरगुती रंगात शिसं नव्वद पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्याकडं २०१६ साली आला, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. म्हणून कोरडा घासू नये. ओला करून, तोंडाला मास्क लावून घासावा, भुकटी गोळा करून पिशवीत बांधावी. लहान पोरं घरात असताना हे काम काढूच नये. खाली जे सागवान निघालं त्याला आम्ही जवसाचं तेल दिलं. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकाल तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

याच सुमारास वाड्यांचं जुनं लाकूड घेणारे व्यापारी फिरकतात. कोरीव चौकटीला ‘वाळवी लागलीय, सरपणाच्या भावात देऊन टाका’ म्हणतात. वाळवी लागलेलं लाकूड घ्यायला कुणी टेम्पो घेऊन येत नसतं.

कागदाचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून घ्या, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा आणि भाऊबंदांची संमती लेखी घेऊनच पहार उचला. राजूरकरांसाठी आणखी एक: संकष्टीला, त्यातून अंगारकीला, वाळूचा टिप्पर मागवू नका. गर्दीत तो गावात शिरत नाही आणि शिरलाच तर निघत नाही. मजूरही दर्शनाला गेलेले असतात.

त्या म्हाताऱ्या गवंड्यांच्या हाताखाली आम्ही हट्टानं गावातलीच दोन तरुण पोरं लावली, मजुरी जरा जास्त देऊन. माळवद उतरवणं, किलचण बसवणं, चुना मुरवणं येणारी माणसं आता भोकरदन तालुक्यात शोधावी लागतात. तुमच्या गावात असं कुणी असेल तर येत्या उन्हाळ्यात त्यांना घर दाखवा, आणि काम द्याल तेव्हा सोबतीला एखादं शिकणारं पोरही द्या.