बाप दाखवून गोऱ्हा विकावा

२०१९ च्या फेब्रुवारीत एका सकाळी सेवाग्रामच्या आमच्या घरासमोर छोटा हत्ती येऊन थांबला. मागे हरण्या उभा होता. पंचवीस दिवसांपूर्वी मी विकलेला गोऱ्हा. म्होरकी मी वळलेली, गळ्यातली घंटी आमच्या घरची. गाडी थांबली तशी त्याने मान वर करून गोठ्याकडे पाहिले आणि हंबरला. आतून त्याच्या आईने उत्तर दिले. ग्राहक खाली उतरला. त्याने आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाला, "दादा, गोऱ्हा वापस आणला. पैसे द्या."

मी पैसे दिले. गाडीचे दोन्ही वेळचे भाडेही दिले. पण त्या दिवशी जे गेले ते पैशांपेक्षा मोठे होते, आणि ते परत मिळवायला मला चार वर्षे लागली. ज्यांच्या गोठ्यात चांगला पण नावलौकिक नसलेला वळू आहे आणि ज्यांना त्याची वासरे प्रदर्शनात उतरवून विकायची आहेत, त्यांच्यासाठी हे सगळे सांगतो आहे.

आमच्याकडे गवळाऊ गाई आहेत. वर्धा जिल्ह्याची ही स्वतःची जात. आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांत नंद गवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ती जपली. पांढरी शुभ्र, उंच, अंगाने हलकी, आखूड बोथट शिंगांची, बदामी डोळ्यांची. गोंडवनाच्या डोंगराळ मुलखात मराठ्यांच्या फौजा याच चपळ बैलांवर सामान हलवीत, असे सांगतात. दूध बेताचे. एका वेताला साधारण सहाशे किलो. म्हणून संकराच्या लाटेत ती मागे पडली. सेवाग्रामला मात्र गाय आणि तिची जात हा विषय नवा नाही. गांधीजी १९३६ साली या गावात राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ उभा राहिला आणि जमनालाल बजाज गोपुरीच्या झोपडीत राहून त्याच कामाला लागले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. एकाच गाईने दूधही द्यावे आणि शेताला बैलही द्यावा, हा विचार इथल्या मातीत तेव्हापासून आहे. माझ्याकडे तो वडिलांकडून आला.

२०१६ मध्ये मी कारंजा तालुक्यातल्या एका गवळ्याकडून तीन वर्षांचा वळू आणला. रंगाने भुरकट, मान आणि वशिंड जास्त राखाडी. म्हणून नाव भुऱ्या. त्याच्या आईचे दूध मी स्वतः तीन वेळा उभे राहून मोजले होते. बापाबद्दल गवळ्याला एवढेच माहीत होते की तो शेजारच्या वाडीचा, आता नाही. कागद नाही, क्रमांक नाही. मला चालले, कारण मी जनावर पाहून घेतले होते. चाल सरळ, मागचे पाय स्वच्छ, स्वभाव गरीब. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने दोरी धरली तरी मागे मागे येई.

भुऱ्याची वासरे चांगली निघाली. हरण्या त्यांतला सर्वांत देखणा. चौदा महिन्यांचा असताना मी त्याला प्रदर्शनात नेला आणि आदत गटात त्याचा दुसरा नंबर आला. मंडपाबाहेर लोक जमले. जो येई तो आधी पाठीवर हात फिरवी, दात पाही आणि मग एकच विचारी, "कोण्या सांडाचा हाये?" मी सांगे, "घरच्या." की हात मागे जाई. आमच्या भागात हेटीकुंडीच्या सरकारी पैदास फार्मचे नाव चालते, आणि ते चालावे असेच आहे. तिथल्या वळूला नोंद असते, वंशावळ असते. माझ्या भुऱ्याला ते काही नव्हते. सकाळी एकाने अठ्ठावीस हजार म्हटले.

दुपारी एक दलाल आला. म्हणाला, "फार्मच्या सांडाचा आहे म्हणतो मी. तुम्ही फक्त गप्प राहा." थोड्या वेळाने तो ग्राहकाला घेऊन आला. दुपट्ट्याखाली त्याने माझा हात घेतला, आधी चार बोटे दाबली, मग दोन. बेचाळीस हजार. ग्राहकाने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी खाली पाहिले. खोटे मी बोललो नाही, पण समोरचा माणूस खोट्यावर विश्वास ठेवतो आहे हे मला कळत होते. वडिलांचे औषध, सरकीच्या ढेपेची उधारी, ही कारणे मी पुढे कितीतरी रात्री स्वतःला दिली. त्यांतले एकही पुरे पडले नाही.

ग्राहकाला हा गोऱ्हा पैदाशीसाठी हवा होता. त्याने कागद मागितला, दलाल आज देतो उद्या देतो करत राहिला, शेवटी माणसाने स्वतः चौकशी केली. पैसे मोजून झाल्यावर तो मला म्हणाला, "आता तरी खरा बाप दाखवा." म्हण आहे ना, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, ती माझ्या दारात अशी अक्षरशः उभी राहिली. मी त्याला आत नेले. भुऱ्या कुटार खात होता. त्या माणसाने त्याला उठवले, चालवले, खुरे पाहिली, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हाच बाप होता तर मले आधीच दाखवायचा होता. मी पस्तीस दिले असते. आता नाही."

ही किंमत मी कधी विसरलो नाही. खऱ्यावर पस्तीस मिळत होते.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढची दोन वर्षे भुऱ्याची वासरे मी बाजारात नेली की लोक हसून पुढे जात, आणि ती शेतीच्या साध्या गोऱ्ह्यांच्या भावात गेली. त्यात लॉकडाऊन आला. राज्यात २०१५ पासून बैलालाही गोवंश हत्याबंदी लागू आहे आणि शेतात ट्रॅक्टर आला आहे, तेव्हा न विकलेला गोऱ्हा वर्षानुवर्षे दावणीला खातो. ते त्याच्या जिवाचेही हाल आणि आपलेही. म्हणून चांगल्या गोऱ्ह्याला योग्य घर मिळवून देणे ही पशुपालकाची जबाबदारी आहे असे मी मानतो.

त्याच काळात मी एक दोनशे पानी वही घातली. गाय माजावर आल्याचा दिवस, वळू दाखवल्याची तारीख, व्याल्याची तारीख. गवळाऊ गाय साधारण २८० ते २९० दिवसांत विते. तारखा जुळल्या नाहीत तर बाप दुसरा आहे, हे वही सांगते. गायकीच्या कळपात चरायला सोडलेल्या गाईचे कोणतेही वासरू मी आता आपल्या वळूच्या नावावर लिहीत नाही. जंगलात कोण भेटले कोणाला ठाऊक. माजाची लक्षणे सकाळी दिसली तर गाय दिवसभर घरी बांधून संध्याकाळी वळूकडे न्यावी, आणि पुढचे दोन दिवस कळपात सोडू नये. हे कष्ट घेतले तरच "घरच्या वळूचा" या शब्दाला अर्थ राहतो. कोणाला शंका असेल तर आता रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून बाप तपासता येतो, आणि तशी तपासणी ग्राहकाने मागितली तर हो म्हणायची तयारी ठेवावी.

वजनासाठी काटा नसतो आपल्याकडे. टेप असतो. छातीचा घेर इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतच्या लांबीच्या इंचांनी गुणा आणि ६६० ने भागा. किलोत वजन निघते. घेर ४८ आणि लांबी ४२ असेल तर साधारण १४६ किलो. दर महिन्याच्या एकाच तारखेला हे लिहिले की वासरू कधी वाढले, कधी आजारात थांबले, सगळे ग्राहकाच्या डोळ्यांसमोर येते. नाव नसलेल्या बापासाठी याहून मोठी शिफारस मला तरी सापडली नाही.

दुसरी शिफारस भावंडांची. एक गोऱ्हा चांगला निघाला तर तो आईच्या गुणाने निघाला असेल. वेगवेगळ्या गाईंची सहा-सात वासरे एका चेहऱ्याची, एका चालीची दिसली तर तो वळूचा गुण. म्हणून मी येणाऱ्याला एक वासरू दाखवत नाही. गोठ्यातली सगळी दाखवतो, गावात विकलेली असतील तिथेही घेऊन जातो, आणि त्यांत बिघडलेलेही दाखवतो. भुऱ्याच्या अकरा वासरांपैकी दोघांची बेंबीखालची कातडी फार लोंबती होती. त्याच्या मुलींचे दूध त्यांच्या आयांपेक्षा फारसे वाढले नाही. हे मी आपणहून सांगतो. पहिल्यांदा सांगताना छाती धडधडली होती. ग्राहक उलट बसून चहा प्यायला.

प्रदर्शनाच्या तयारीबद्दल थोडे. शेवटच्या महिन्यात ढेप आणि चुनी कोंबून गोऱ्हा गोल करू नका. गवळाऊ हलक्या अंगाची, धावत्या चालीची जात आहे. चरबी चढली की चाल जड होते, आणि परीक्षक चालच पाहतो. चौथ्या महिन्यापासून म्होरकी घालून रोज रस्त्यावर फिरवा, रहदारीच्या, आवाजाच्या ठिकाणी. हरण्या पहिल्यांदा लाउडस्पीकरला बिचकून दोरीसकट मंडपातून पळाला होता, कारण त्याने तोवर फक्त आमचे शेत पाहिले होते. शिंगे तासू नका, रंगवू नका. लाळखुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी यांच्या लसींची नोंद सोबत असू द्या आणि कानात बिल्ला हवाच. वळू नैसर्गिक रेतनाला वापरत असाल तर दर वर्षी पशुवैद्यकांकडून त्याची ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या. एक रोगी वळू गावभरच्या गाई गाभडवू शकतो. तो कागद मी प्रदर्शनात गोऱ्ह्याच्या दाव्याजवळच टांगतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद झाली. मला वाटले आता संपलेच. झाले वेगळे. बाजार नाही म्हटल्यावर लोक फोनवर विचारू लागले. मी वळूचा, आईचा आणि वासराचा फोटो पाठवी, खाली वहीच्या पानाचा फोटो. जनावरे बाहेर हलवायची बंधने उठल्यावर लोक थेट घरी आले. त्या हिवाळ्यात भुऱ्याचे दोन गोऱ्हे गेले. तिसऱ्या माणसाने विचारले, "पटात धावेल का?" डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली तेव्हापासून शंकरपटासाठी गोऱ्ह्यांना मागणी आली आहे, आणि त्या मागणीत भावही चांगला मिळतो. पण ज्या गोऱ्ह्याला मी कधी धावडवला नाही त्याच्या वेगाची हमी मी देत नाही. तो माणूस गेला. गेला तर जाऊ दे, हे म्हणायला मला २०१९ ने शिकवले.

विक्रीची पावती मात्र न चुकता करा. दोघांच्या सह्या, बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, आईचे नाव, बापाचे नाव, बाप कोणाकडून आणला ते गाव आणि "वंशावळीचा कागद उपलब्ध नाही" हे वाक्य स्पष्ट अक्षरांत. हे वाक्य वाचून दोन ग्राहक फिरले. जे राहिले त्यांच्यापैकी एकही परत आलेला नाही.

भुऱ्या आता माझ्याकडे नाही. त्याच्या मुली माजावर येऊ लागल्या तसा मी त्याला आष्टी तालुक्यातल्या एका गवळ्याच्या वळूशी बदलून घेतला, कारण बापाला त्याच्याच मुलींवर ठेवले की जातीची हानी होते. जाताना त्याच्याबरोबर वहीतल्या त्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स दिली.

आपल्या जिल्ह्यात डोंगराच्या कडेला असे बिननावाचे चांगले वळू अजून आहेत. ते म्हातारे होऊन जातील आणि त्यांची वासरे कोणाच्या तरी उसन्या नावावर विकली जातील, तर गवळाऊचे खरे रक्त कुठे आहे हे कोणालाच कळणार नाही. तुमच्याकडे असा एक असेल तर आज संध्याकाळी एक वही घ्या, पहिल्या पानावर त्याचे नाव, तो कुठून आणला ते गाव आणि आणल्याचे वर्ष लिहा, आणि पुढची गाय माजावर येईल त्या दिवसाची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवा.