रेशमावरचा सूर्य आणि समुद्र

रेशीम म्हटलं की आपल्या परभणीत तुतीचा पाला आणि कृषी विद्यापीठातलं रेशीम संशोधन आठवतं. जपानी चित्रकार मात्र रेशमावर सूर्य आणि समुद्र रंगवतात. या शैलीचं नाव 'निहोंगा'.

मला त्यातलं तंत्र फार आवडतं. रंग फुटू नये म्हणून रेशमाला आधी सरस-तुरटीचं पाणी देतात. लाल सूर्यासाठी हिंगूळ, निळ्या पाण्यासाठी अझुराइट खनिजाची पूड. पूड जाड असेल तर रंग गडद, बारीक असेल तर फिका. खनिज मात्र एकच! रेशीम पातळ, म्हणून मागूनही रंग देता येतो.

या शैलीतले मोठे नाव योकोयामा ताइकान (१८६८-१९५८). ते १९०३ मध्ये कोलकात्यालाही आले होते. रेषा टाळून, नुसत्या रंगछटांनी ते धुकं आणि लाटा दाखवत. १९४० मध्ये त्यांनी समुद्राची दहा आणि पर्वताची दहा चित्रं काढली. त्यांच्या विक्रीचे ५ लाख येन त्यांनी लष्कर व नौदलाला लढाऊ विमानांसाठी दिले.

इतकी शांत चित्रं, आणि त्यातून युद्धाची विमानं! विमान बनवणारे इंजिनियरच होते. म्हणून मला वाटतं, 'कसं करायचं' हे शिकताना 'कशासाठी' हेही आपण विचारायला हवं.