ट्रॅक्टर सुरू न झाल्यास दोष कोठें शोधावा?

पेरणीच्या दिवसांत वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. पाऊस उघडून जमीन तयार व्हावी, आणि किल्ली फिरवितां ट्रॅक्टरनें हूं कीं चूं करूं नये, ही अडचण कोणत्याहि शेतकऱ्यास परवडणारी नाहीं. अशा वेळीं पुष्कळ ठिकाणीं दोष बॅटरीवर ठेवून नवी बॅटरी आणली जाते, आणि तीहि चार दिवसांत उतरली म्हणजे मग खऱ्या रोगाचा शोध सुरू होतो. हा खर्च व कामाची खोटी टाळण्यास एकच नियम पुरेसा आहे: वीज ज्या वाटेनें जाते त्या वाटेनें क्रमानें तपासणी करावी, आणि दोष ठरल्यावांचून कोणताहि भाग बदलूं नये. ती रीत आम्ही येथें देत आहों.

प्रथम कान द्यावा. किल्ली फिरविली असतां पुढील तीनपैकीं एक प्रकार आढळतो.

(१) स्टार्टर जोमानें फिरतो, पण एंजिन चालू होत नाहीं. डिझेल एंजिनांत ठिणगीचा प्लग नसतो. दाबल्यामुळें तापलेल्या हवेनेंच तेल पेटतें. म्हणून येथें बॅटरीचा दोष नाहीं. टांकींत डिझेल आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, नळींत हवा शिरली आहे काय, एंजिन बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली आहे काय, हें पाहावें.

(२) नुसता टक्‌टक् आवाज होतो, किंवा स्टार्टर रेंगाळत फिरतो. येथें वीज पुरेशी पोंचत नाहीं. बॅटरी व तारांचे सांधे तपासावे.

(३) कांहींच आवाज होत नाहीं. पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय अथवा गिअर न्यूट्रलमध्यें असल्याशिवाय स्टार्टरला वीज न देणारा सुरक्षा-स्विच असतो. तें आधीं पाहून मग फ्यूज, किल्लीचा स्विच व बॅटरीचे सांधे पाहावे.

आतां बॅटरीची परीक्षा. १२ व्होल्टच्या बॅटरींत सहा घरें असून भरलेल्या प्रत्येक घराचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळीं मल्टिमीटर लावावा. १२.६ किंवा अधिक आल्यास बॅटरी भरलेली, १२.२ च्या सुमारास आल्यास अर्धी, आणि १२ च्या खालीं आल्यास बहुतेक उतरलेली समजावी. भरलेली बॅटरीहि स्टार्टर फिरत असतां ९.६ व्होल्टच्या खालीं जात असेल, तर तिची ताकद संपत आली, असें मानण्यास हरकत नाहीं.

बॅटरी चांगली असूनहि स्टार्टर मंद असेल, तर सांधे पाहावे. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली म्हणजे वीज अडते. प्रथम ऋण (−) बाजूची तार काढावी, मग धन (+) बाजूची. खाण्याचा सोडा कोमट पाण्यांत कालवून टोकें तारेच्या ब्रशनें घासावीं. तें पाणी घरांत जाऊं देऊं नये. जोडतांना धन आधीं व ऋण शेवटीं. वर व्हॅसलीनचा हात द्यावा. अर्थची तार जेथें एंजिनाला कसली असते तेथील गंज व रंगहि खरवडावा. परीक्षा अशी: मल्टिमीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरें एंजिनाच्या उघड्या धातूस लावून एकानें स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टपेक्षां अधिक आंकडा आल्यास त्या वाटेंत दोष आहे.

नवी बॅटरीहि वरचेवर उतरत असल्यास ती भरत आहे कीं नाहीं तें पाहावें. एंजिन मध्यम वेगानें चालू असतां बॅटरीवर सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावे. आंकडा १२.५ वरच राहिल्यास आधीं पट्ट्याचा ताण पाहावा, मग आल्टरनेटर. आंकडा १५ च्या वर जात असल्यास बॅटरींतील पाणी लवकर आटतें. रेग्युलेटर तपासून घ्यावा.

एका गोष्टीची मात्र आमची निक्षून सूचना आहे. स्टार्टरच्या दोन खुंट्यांवर पेचकस आडवा धरून एंजिन सुरू करण्याची खोड सर्वत्र दिसते. यानें सुरक्षा-स्विच निरुपयोगी होतो. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर तत्क्षणीं जवळच्या मनुष्याच्या अंगावर येतो. अशानें माणसें प्राणांस मुकलीं आहेत. तसेंच बॅटरीजवळ विडी ओढूं नये, कारण भरतांना तींतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो. आंतील पातळ पदार्थ गंधकाम्लाचा असल्यानें डोळे व हात जपावे, आणि घरांत ऊर्ध्वपातित पाण्याखेरीज दुसरें पाणी घालूं नये.

ही सर्व तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे. ती मृग निघण्यापूर्वींच करून आलेले आंकडे वहींत टिपून ठेवावे. पुढें मिस्त्रीस बोलाविण्याची पाळी आलीच, तर ती वही त्याच्यापुढें ठेवावी. म्हणजे तोहि अंदाजानें भाग बदलीत बसणार नाहीं.